ज्यांच्याकडे चाक नव्हतं त्यांनी डोंगर हलवला

नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्याच्या शिवारात पायाखाली काळी कसदार माती असते आणि त्या मातीच्या खाली काळा पाषाण. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीतून लाव्हा उसळला, थरांवर थर पसरला, थिजला आणि त्याचं दख्खनचं पठार झालं. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात या लाव्हानं आणखी एक करामत केली. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमध्ये तो उभाच्या उभा थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजत गेला आणि भेगेतला कठीण पाषाण भिंतीसारखा वर राहिला. भूशास्त्रज्ञ या भिंतींना डाईक म्हणतात. या पट्ट्यात त्यांनी असे दोनशेहून अधिक डाईक मोजले आहेत. त्यांतला सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा आहे. या भागातून प्रवास करताना क्षितिजावर जी सरळसोट काळी टेकाडं दिसतात, ती पुष्कळदा हीच.

म्हणजे दगडाची इथे कधीच वाण नव्हती. आणि दगडही साधा नाही, बेसाल्ट. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या दलदलीत राहणाऱ्या ओल्मेक लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वी ज्यातून माणसाहून उंच डोकी कोरली, त्याच जातीचा दगड.

ओल्मेकांची ही डोकी नेमकी त्याच शतकांतली आहेत, ज्या शतकांत रनाळ्याच्या उत्तरेला तापीकाठी माणसं गावं वसवून शेती करत होती, मडकी घडवत होती आणि त्यांवर चित्रं काढत होती. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे बेसाल्ट, काळही जवळपास तोच. पण एका काठावर राजांचे दगडी चेहरे उभे राहिले आणि दुसऱ्या काठावर उरली ती खापरं. असं का झालं? याचं उत्तर शोधायला निघालं की पहिली गोष्ट कळते ती ही, की आपला पहिला अंदाज साफ उलटा ठरतो.

सतरा डोकी

ओल्मेकांची आजवर १७ प्रचंड डोकी सापडली आहेत. त्यांतली १० सॅन लोरेन्झोची, ४ ला व्हेंटाची, २ त्रेस सापोतेसची आणि १ ला कोबाताचं. सर्वांत लहान डोकं जेमतेम दीड मीटर उंच आहे, सर्वांत मोठं ३.४ मीटर. वजनं सहा टनांपासून चाळीस टनांच्या घरात जाणारी. धड कुणालाच नाही, आणि ते कधी नव्हतंच. रुंद नाक, जाड ओठ, किंचित तिरळी वाटणारी नजर आणि डोक्यावर घट्ट बसणारं शिरस्त्राण. गंमत म्हणजे कुठलीही दोन डोकी सारखी नाहीत. कुणाच्या कपाळावर आठ्या आहेत, कुणाचे ओठ विलग होऊन दात दिसतात, प्रत्येकाच्या शिरस्त्राणावरची खूण वेगळी. म्हणून बहुतेक अभ्यासक या डोक्यांना देव न मानता त्या त्या काळचे राजे मानतात.

जगाला यातलं पहिलं डोकं कळलं ते १८६२ मध्ये. होसे मारिया मेल्गार नावाच्या मेक्सिकन प्रवाशानं ते त्रेस सापोतेसजवळ पाहिलं. शेतकऱ्यांना ते आधीच सापडलं होतं. जमिनीत पालथी घातलेली मोठी कढई असावी असं वाटून ती उकरायला गेले, तर खाली चेहरा! खरं काम सुरू केलं ते १९३८ नंतर, अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या मॅथ्यू स्टर्लिंग यांनी. ही डोकी माया संस्कृतीच्याही कितीतरी आधीची आहेत हे त्या काळी कुणी मानायला तयार नव्हतं. पुढे कार्बन-१४ पद्धतीनं काळ मोजता येऊ लागला आणि वाद मिटला. सॅन लोरेन्झोची भरभराट इसवी सनपूर्व १४०० ते १००० च्या सुमाराची, आणि त्यानंतर इ. स. पू. ४०० पर्यंतचा काळ ला व्हेंटाचा.

आता खरा धक्का. सॅन लोरेन्झोच्या आसपास दगडच नाही. तिथे नदी, गाळ आणि दलदल. डोक्यांचा बेसाल्ट आला तो साधारण ६० किलोमीटरवरच्या तुश्तला नावाच्या ज्वालामुखी डोंगरांतून. तो आणायला ओल्मेकांकडे बैल नव्हते, घोडे नव्हते, ओझं वाहणारं कुठलंच जनावर नव्हतं. गाडी नव्हती. तांबं नव्हतं, लोखंड तर नव्हतंच. वीस-वीस टनांच्या शिळा त्यांनी दोर, ओंडके, घसरगाड्या आणि बहुधा तराफे यांच्या बळावर, निव्वळ माणसांच्या खांद्यांनी आणल्या. मग दगडाच्याच हातोड्यांनी ठोकून ठोकून आकार दिला आणि वाळूनं घासून गुळगुळीत केला. काही डोकी तर आधी सिंहासनं होती, असं त्यांच्या मागच्या सपाट बाजूंवरून आणि उरलेल्या खोबणींवरून दिसतं. राजा ज्यावर बसायचा तोच दगड पुढे त्याचं तोंड झाला.

तापीकाठची पांढर

आता आपल्या काठावर येऊ. रनाळ्याहून उत्तरेला गेलं की तापी लागते, आणि तापीला जिथे गोमाई मिळते तिथे प्रकाशे. दक्षिणकाशी म्हणून साऱ्या खानदेशाला ठाऊक असलेलं हे तीर्थ पुरातत्त्वाच्या जगातही तितकंच मानाचं आहे. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केलं.

ही पांढर काय असते ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं एकाच जागी शेकडो वर्षं राहिली की घरं पडतात, त्यांवर नवी उभी राहतात, राख, शेण, हाडं, भुसा, माती यांचे थर साचतात आणि जमीन पांढुरकी होऊन उंचावत जाते. पुरातत्त्वज्ञ ती वरून खाली उतरत वाचतो. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना.

प्रकाशेच्या टेकाडात सर्वांत वर अकराव्या शतकापर्यंतच्या वस्तीच्या खुणा होत्या. त्याखाली इसवी सनाच्या आगेमागेचा काळ, त्याखाली लोखंड वापरणारी माणसं आणि अगदी तळाशी ताम्रपाषाणयुग, म्हणजे तांबं आणि दगड एकत्र वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती. तळाच्या थरातही दोन टप्पे होते. आधी माळव्यातून आलेल्या धाटणीची मडकी आणि त्यांच्यावर जोर्वे धाटणीची. जोर्वे हे संगमनेरजवळचं प्रवराकाठचं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांच्या एका मोठ्या संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. जोर्वे संस्कृतीचा काळ इ. स. पू. १४०० ते ७००. सॅन लोरेन्झो आणि ला व्हेंटा यांच्या शेजारी ही तारीख ठेवून पाहा. तुश्तलाच्या डोंगरातून दोर लावून शिळा ओढल्या जात होत्या, तेव्हा प्रकाशेला कुंभाराचं चाक फिरत होतं.

खापर बोलतं

उत्खननात सोनं-नाणं क्वचित निघतं, खापरं मात्र टोपल्या भरभरून निघतात. कारण भाजलेली माती ही न मरणारी वस्तू. कच्चं मडकं पाण्यात विरघळतं. पण आव्यात उष्णता पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे गेली की मातीच्या कणांतच बांधलेलं पाणी निघून जातं, तिची रचना बदलते आणि ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, तांबं वितळवून पुन्हा वापरलं जातं. खापर कुजत नाही, गंजत नाही आणि फुटल्यावर ते चोरायला कुणी येत नाही. घरातली सर्वांत स्वस्त वस्तू तीन हजार वर्षं टिकते ती यामुळे.

तापीच्या खोऱ्यात जोर्वेच्याही आधीची मडकी आहेत. त्यांना नाव मिळालं तापीकाठच्याच सावळदे गावावरून. इसवी सनापूर्वीच्या दोन हजाराव्या वर्षाच्या आगेमागेची ही सावळदा संस्कृती. म्हणजे ओल्मेकांच्या पहिल्या डोक्याच्याही कितीतरी आधीची. तिचा धागा जुळवण्यात खानदेश पायी पालथा घालणारे पुरातत्त्वज्ञ शं. अ. साळी यांचा वाटा फार मोठा. सावळद्याचं मडकं जरा जाडसर, हळू फिरणाऱ्या चाकावर घडवलेलं. त्यावर तांबूस, चॉकलेटी किंवा नारिंगी छटेचा दाट लेप. आणि त्या लेपावर चित्रं. पुढच्या काळातल्या मडक्यांवर प्रामुख्यानं रेघा, जाळ्या, त्रिकोण दिसतात. सावळद्याच्या कुंभारानं मात्र काढली ती बाणांची टोकं, काटेरी भाले, मासे, मोर. हाताशी असलेली हत्यारंच त्यानं मडक्यावर चितारली. नदीकाठच्या माणसाला मडक्याच्या पोटावर काय काढावंसं वाटलं, तर मासा आणि तो मारायचं हत्यार! चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी तापीत काय चाललं असेल, याचा याहून थेट पुरावा कुठला?

या लोकांची घरं साधी होती. साक्री तालुक्यातल्या कवठे इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा सावळदा काळातली जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेली घरं मिळाली. खड्ड्यात राहणारी माणसं, पण घरातलं भांडं मात्र रंगवलेलं.

जोर्वेच्या काळात कुंभारकाम कळसाला पोचलं. माती पाण्यात कालवून, गाळून, खडे काढून मऊ केलेली. चाक वेगानं फिरणारं. भांड्याची भिंत पातळ आणि भाजणी इतकी पक्की की जोर्वेचं चांगलं भांडं बोटानं टिचकी मारल्यावर धातूसारखं वाजतं. वर मंद लाल लेप आणि त्यावर काळ्या रंगात भूमितीची नक्षी. आकार ठरलेले. मध्यावर ठळक कड असलेला वाडगा, उंच मानेचा घडा आणि तोटी असलेलं भांडं. तापी, प्रवरा, गोदावरी, भीमा या सगळ्या खोऱ्यांतल्या गावांत हीच मडकी मिळतात. रस्ते नव्हते, बाजारपेठा आपल्या अर्थानं नव्हत्या, तरी शेकडो किलोमीटरवरच्या दोन बायका एकाच आकाराच्या भांड्यातून पाणी ओतत होत्या.

आणि ओल्मेक? त्यांनी आयुष्यात कुंभाराचं चाक पाहिलं नाही. त्यांची सगळी भांडी हातानं, मातीच्या वळकट्या एकावर एक चढवून केलेली. तरीही त्यांच्या भांड्यांवरच्या खोल कोरलेल्या खुणा, नख्या, भुवया, फटी, मेक्सिकोच्या दूरदूरच्या खोऱ्यांत पोचल्या. मातीतल्या मूलद्रव्यांचा तपास करून शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की त्यांतली कितीतरी भांडी खरोखरच सॅन लोरेन्झोच्या मातीची होती. ओल्मेक शैलीतली सर्वांत चकित करणारी मृण्मय वस्तू म्हणजे पोकळ बाळं. पांढऱ्या लेपाची, गुबगुबीत, फतकल मारून बसलेली, एखाद्याचं बोट तोंडात. आतून पोकळ आणि भिंत इतकी सारखी पातळ, की भाजताना ती तडकली कशी नाहीत याचंच नवल वाटतं. ज्यांनी चाळीस टनांचा दगड कोरला त्याच लोकांना बोट चोखणारं बाळही दिसलं होतं.

पुरून ठेवलेली सभा

मोठा दगड हा ओल्मेकांचा एक चेहरा, हिरवा दगड हा दुसरा. जेड हा अतिशय कठीण आणि चिवट दगड. पोलादाच्या सुरीनंसुद्धा त्यावर सहज चरा उठत नाही. तो यायचा आजच्या ग्वाटेमालातल्या मोतागुआ नदीच्या खोऱ्यातून, शेकडो किलोमीटरवरून. ओल्मेक कारागीर दोरी, लाकूड किंवा दगडी पातं घेऊन, खाली ओली वाळू घालून तो दिवसेंदिवस घासत. दगड कापायची ती वाळूच.

१९५५ मध्ये ला व्हेंटाच्या एका अंगणाखाली उत्खनकांना सोळा छोट्या मूर्ती सापडल्या. त्यांच्यामागे जेडच्या सहा लांबट कुऱ्हाडी उभ्या रोवलेल्या, दगडी स्तंभांच्या रांगेसारख्या. सगळ्या मूर्ती जेड आणि सर्पेंटाइन या हिरव्या दगडांच्या, फक्त एक वेगळ्याच खरबरीत दगडाची. ती कुऱ्हाडींकडे पाठ करून उभी आणि बाकीच्या तिच्याभोवती. बैठक होती, न्यायनिवाडा होता की दीक्षाविधी, कोण सांगणार? ही सभा मांडून तिच्यावर वाळू घातली गेली, वर रंगीत मातीचे थर चढले. आणि नंतर बऱ्याच वर्षांनी कुणीतरी वरून बरोबर तेवढाच खड्डा खणला, मूर्तींच्या डोक्यांपर्यंत पोचलं, पाहिलं आणि काहीही न हलवता खड्डा पुन्हा बुजवला. म्हणजे जमिनीखाली नेमकं कुठे काय आहे, याची आठवण कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. याच ला व्हेंटात सुमारे १,००० टन सर्पेंटाइनच्या लाद्या एका प्रचंड खड्ड्यात थरांनी रचून लगेच पुरून टाकलेल्या मिळाल्या. पाहण्यासाठी नाही, असण्यासाठी.

आपल्याकडे जेड नव्हतं, पण त्याच दख्खनी लाव्हानं दुसरं देणं दिलं होतं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत सिलिका झिरपली आणि अकीक, कॅल्सेडनी, जास्पर असे दगड तयार झाले. कठीणपणात ते जेडच्या तोडीस तोड. ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांनी त्यांचे मणी केले. लाल अकिकाला आरपार भोक पाडून ते ओवले. पण त्याहून जास्त केली ती पाती. कॅल्सेडनीच्या गोट्याला आधी एका बाजूनं टवके काढून उभा कणा करायचा आणि मग एका नेमक्या दाबानं त्या कण्यासकट एक लांब पातं सुटं करायचं. एकदा पहिलं निघालं की पुढची काकडीच्या उभ्या फोडींसारखी एकामागून एक निघत राहतात. ही पाती लाकडाच्या खाचेत बसवली की विळा तयार. तांबं दुर्मीळ, म्हणून रोजच्या कापणीचा भार या काचेसारख्या धारदार दगडानं उचलला.

आणि बेसाल्ट? त्याचाही उपयोग त्यांनी केलाच. पाटे, वरवंटे, घण. ज्या दगडातून तिकडे राजाचं तोंड निघालं, त्या दगडावर इकडे धान्य भरडलं गेलं.

साठ किलोचा अपवाद

इथे कुणी म्हणेल की तापी-प्रवरेच्या माणसांना भव्य काही करताच येत नव्हतं. त्याला उत्तर म्हणून दायमाबाद आहे. श्रीरामपूर तालुक्यातलं हे प्रवराकाठचं ठिकाण. त्याच्या सर्वांत खालच्या थरात आपल्या सावळद्याचीच मडकी आहेत. त्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबादची स्वतःची धाटणी, माळवा आणि शेवटी जोर्वे. एकाच टेकाडात पाच संस्कृती.

१९७४ मध्ये तिथल्या भिल्ल समाजातल्या एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना धातूच्या चार वस्तू लागल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. रथ ४५ सेंटिमीटर लांब. दांडीवर चक्क एक कुत्रं उभं आहे. सगळं ओतकाम भरीव, चौघांचं मिळून वजन ६० किलोहून जास्त. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद झाले. पुष्कळ जण त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे इ. स. पू. दोन हजाराच्या आसपासच्या मानतात. जिथे तांब्याची एक कुऱ्हाड घरच्या ठेव्यासारखी जपली जाई, तिथे ६० किलो धातू एकदम!

पण या चौघांत नजरेत भरते ती गोष्ट वेगळीच. रथाला चाकं आहेत हे ठीक. गेंड्यालाही चाकं आहेत. रेड्यालाही आहेत. हत्ती ज्या चौथऱ्यावर उभा आहे, त्यालाही आस बसवायच्या कड्या आहेत. गेंडा गाडीवर का चढवायचा? कारण करणाऱ्याच्या डोक्यात चाक इतकं भिनलं होतं की पवित्र म्हणा, मानाची म्हणा, कुठलीही वस्तू ओढून नेता आली पाहिजे, मिरवता आली पाहिजे. मेक्सिकोतही ओल्मेकांनंतर हजारेक वर्षांनी मातीच्या खेळण्यांना चाकं लागली. पण ती गाडीला कधी लागली नाहीत. चाक सुचणं अवघड नव्हतं. ते ओढायला बैल नव्हता.

अंदाज उलटा का ठरतो

आता दोन्ही पारडी समोर ठेवू. आपल्याकडे बैल होते, गाडीचं चाक होतं, कुंभाराचं चाक होतं, थोडं का होईना तांबं होतं आणि पायाखाली हवा तेवढा बेसाल्ट होता. ओल्मेकांकडे यातलं काहीही नव्हतं, दगडसुद्धा दुसऱ्याच्या डोंगरातला. साधनं मोजून भाकीत केलं असतं तर प्रचंड डोकी तापीकाठी उभी राहायला हवी होती. घडलं नेमकं उलटं. माणूस किती मोठं करतो हे हाताशी काय आहे यावर ठरत नाही. कुणासाठी करायचं आहे, यावर ठरतं.

सॅन लोरेन्झोत असं कुणीतरी होतं ज्याच्या शब्दाखातर शेकडो माणसं दोर खांद्यावर घेऊन दलदल तुडवायची. तो मेल्यावरही त्याचा चेहरा नदीकाठी उभा राहायला हवा होता. जोर्वेच्या गावात असं कुणी होतं का? होतं, पण त्याचा मोठेपणा निराळ्या मापानं मोजला जाई. शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा-चौदा वर्षं खणलं. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं इतकं सविस्तर चित्र दुसरीकडे मिळालेलं नाही. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. बहुतेक एका खोलीची. मध्यभागी मात्र एक पाच खोल्यांचं घर, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ते गावच्या मुखियाचं मानलं. मुखियाचं वैभव म्हणजे दाराशेजारचं कोठार, दाराशी उभा केलेला पुतळा नव्हे.

इनामगावात माणसं मेलेल्यांना घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत ते निजवायचं. मोठ्या माणसाला उताणं पुरत आणि त्याची पावलं घोट्यापासून तोडत, बहुधा त्यानं उठून कुठे जाऊ नये म्हणून. याला एक लक्षणीय अपवाद मिळाला. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा एक भलाथोरला रांजण होता आणि त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत. त्याची पावलं शाबूत. हा मुखिया असावा, असं उत्खनकांना वाटलं. त्याला मान मिळाला तो या रूपात. मुलांच्या वाट्याला मडकं येतं, याच्या वाट्याला सर्वांत मोठं आलं. ओल्मेकांचा राजा दगड झाला, आपला मुखिया मडक्यात बसला.

दोन्हीकडचा उतारही जवळपास एकाच सुमाराला लागला, जरी एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. इ. स. पू. १००० च्या आसपास तापी आणि प्रवरेच्या खोऱ्यांतली जोर्वे गावं ओस पडली. पाऊसमान घटलं हे त्याचं कारण ढवळीकर देतात. इनामगाव हलाखीत आणखी तीनशे वर्षं तगलं. तिकडे इ. स. पू. ९०० च्या सुमाराला सॅन लोरेन्झो ओसरलं. तिथली कितीतरी शिल्पं फोडलेल्या, खड्डे पाडलेल्या आणि पुरलेल्या अवस्थेत मिळतात. दगडात कोरलेली सत्ता घालवायची तर दगड फोडावा लागतो. मडक्यातली सत्ता आपोआप फुटते आणि दुसऱ्या दिवशी कुंभार नवं मडकं देतो.

बेसाल्टला तोंड फुटलं तेव्हा

दख्खनच्या काळ्या पाषाणाला माणसाचं तोंड मिळालं ते पुष्कळ उशिरा, लोखंडाची छिन्नी आल्यावर. खानदेशच्या दक्षिण कडेला, सातमाळ्याच्या डोंगरात, अजिंठा आणि पितळखोरे इथे इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून भिक्खूंसाठी लेणी खोदली जाऊ लागली. पुढे आठव्या शतकात याच दगडात वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलं गेलं. म्हणजे हात होते, दगड होता. नव्हतं ते कारण.

पितळखोऱ्याला एका यक्षाची मूर्ती सापडली. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ओल्मेक राजांशी तिची तुलना करून पाहावी. हा बुटका, ढेरपोट्या, मनमुराद हसणारा. राजा नाही, सेवक आहे. दोन्ही हात वर करून त्यानं डोक्यावर एक भांडं तोलून धरलं आहे. आणि त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत करणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, कण्हदास, आणि सोबत त्याचा धंदाही, सोनार. सतरा प्रचंड डोक्यांतल्या एकाही शिल्पकाराचं नाव आपल्याला माहीत नाही, सावळद्यावर मासे काढणाऱ्या कुंभाराचंही नाही. इथे मात्र ज्याचा चेहरा कोरला त्याची ओळख गौण आहे, आणि ज्यानं कोरला तो नावानिशी हजर आहे.

म्हणून जगातल्या संस्कृतींची उंची मीटरमध्ये मोजण्याआधी एक प्रश्न विचारावा. ही वस्तू कुणासाठी केली? ३.४ मीटरचं डोकं एका माणसासाठी होतं, त्याच्यापुढे इतरांनी लहान व्हावं म्हणून. जोर्वेचं टणत्कारी भांडं ज्या घरात पाणी प्यायलं जायचं त्या प्रत्येक घरासाठी होतं. पहिल्याला संग्रहालयात वेगळं दालन मिळतं आणि ते मिळायलाही हवं. चाक आणि बैल यांवाचून त्या माणसांनी जे केलं ते पाहून कुणीही थक्क व्हावं. दुसऱ्याचे तुकडे प्रकाशेच्या पांढरीत अजून असतील. पावसाळ्यानंतर नांगराच्या तासात लाल-काळं खापर दिसलं तर ते तिथेच राहू द्यावं, कारण जागेवरून हललेलं खापर अर्धं मुकं होतं. पण वाकून त्यावरची रेघ जरूर पाहावी. ती काढणाऱ्याकडे चाक होतं, बैल होते, डोंगरभर बेसाल्ट होता. एवढं सगळं असून त्यानं आपली कला खर्च केली ती घरातल्या तहानेवर.